एक ‘चार्ज’, ओझी अनेक

आनेकल तालुक्यातल्या एका नव्या इमारतीत फ्लॅट घ्यायचे चालले आहे, असे समजा. मुलगा आणि सून दोघेही जवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूरची पिवळ्या मार्गावरची मेट्रो थेट बोम्मसंद्रापर्यंत धावू लागली आणि या भागात घर घेण्याचा त्यांचा विचार पक्का झाला. पैशाला हातभार लावायला बार्शीहून सासरे आले आहेत. जन्मभर शेती केलेले, इंग्रजी बेताचेच. बिल्डरने दिलेला करारनामा सून वाचते आणि त्यांना मराठीत सांगते.

‘‘बाबा, इथं लिहिलंय की जागा सगळ्या चार्जेसपासून मुक्त करून देणार. म्हणजे वरचे पैसे काही नाहीत.’’

पान उलटते. तिथे एका बँकेच्या नावे ‘चार्ज’ असल्याचा उल्लेख आहे.

‘‘हा बँकेचा चार्ज. प्रोसेसिंगचा असेल. दोन-चार हजार.’’

सून शिकलेली आहे, इंग्रजी तिला उत्तम येते. चूक झाली ती येत असल्यामुळेच. दिवसातून दहा वेळा तोंडी येणारा शब्द, त्यासाठी कोश कोण उघडणार? हॉटेलात सर्व्हिस चार्ज, सोसायटीत मेंटेनन्स चार्ज, कुरिअरचा चार्ज. कर्नाटकात तर बसच्या भाड्यालाही ‘चार्ज’च म्हणतात. पैसे हा अर्थ इतका अंगवळणी पडतो की दुसरा काही असेल असे मनातही येत नाही. करारनाम्यातला ‘चार्ज’ मात्र दोन-चार हजारांचा नव्हे. बिल्डरने बांधकामासाठी काढलेले सारे कर्ज त्या एका शब्दात बसलेले असू शकते.

या शब्दाच्या मुळाशी एक गाडी आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी, त्यावरून ‘कार्रिकारे’ म्हणजे गाडीत माल भरणे. हेच क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. कार, कॅरी आणि कार्गो ही त्याचीच भावंडे. ‘कॅरिकेचर’सुद्धा त्याच घरातले, नाकाडोळ्यांवर अतिशयोक्तीचे ओझे चढवलेले चित्र! थोडक्यात, चार्ज म्हणजे ओझे लादणे. बाकीचे अर्थ या एका ओझ्याचेच आहेत. फक्त ते कोणाच्या पाठीवर आणि कसले, एवढेच बदलत जाते.

माणसाच्या डोक्यावर कामाचे ओझे आले की तो ‘चार्ज घेतो’. मराठीत आपण कार्यभार म्हणतो. बंदुकीत दारूचे ओझे भरले की तोही चार्ज. अठराव्या शतकात लायडन जार नावाच्या काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली, तेव्हा १७४०च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या पत्रांत विजेसाठीही हाच शब्द वापरला. आज रात्री झोपताना आपण मोबाइल ‘चार्जिंगला लावतो’ ते तिथून आलेले. शत्रूवर तुटून पडणेही चार्जच, आणि आपल्याकडे तो लाठीला जोडला गेला. वर्तमानपत्रे त्याला लाठीमार म्हणतात, कधी कधी ‘सौम्य लाठीमार’ म्हणतात. तो सौम्य होता की नाही, हे ज्याच्या पाठीवर पडला त्यालाच विचारावे.

मराठीची गंमत अशी की या एका शब्दासाठी आपल्याकडे डझनभर शब्द आहेत, आणि त्यातले बरेचसे पुन्हा ओझ्याचेच आहेत. कार्यभार, प्रभार, विद्युतप्रभार. आरोप हा शब्द वरवर वेगळा वाटतो. पण त्याचा मूळ अर्थ वर चढवणे, लावणे. वृक्षारोपणातला आरोप तोच. कोर्टात माणसावर चढवतात तो आरोप म्हणजे इंग्रजी चार्जचे जुळे भावंडच. विजेच्या बिलाने मात्र वेगळी वाट धरली. तिथे ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ असे शब्द असतात. आकारणी करायची तो आकार. त्याच बिलावर ‘मंजूर भार’ही छापलेला असतो, पण तो चार्ज नव्हे, लोड. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला प्रभार आणि घरच्या बिलातला भार एकच समजून मुले गोंधळली, तर त्यांना फार रागावू नये.

आणि हे सगळे अर्थ एकाच मोटारीत बसून लंडनला गेल्याचेही उदाहरण आहे, तेही आनेकल तालुक्यातले. बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार तयार होत असे. ती २००१मध्ये बाजारात आली. भारतात फारशी खपली नाही, पण लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावाने बरीच दिसू लागली. त्याचे कारण असे, की फेब्रुवारी २००३पासून लंडनच्या मध्यवर्ती भागात मोटार नेणाऱ्याकडून ‘कंजेशन चार्ज’, म्हणजे गर्दीचा आकार, घेण्यास सुरुवात झाली होती. सुरुवातीला दिवसाला पाच पौंड. विजेच्या गाड्यांना त्या काळी तो माफ होता. म्हणजे लंडनकर बोम्मसंद्राची मोटार घरी चार्ज करीत, ती बाहेरचा चार्ज टाळण्यासाठी! २०१०मध्ये महिंद्राने ही कंपनी घेतली. पुढे रेवाचे उत्पादन थांबले.

शब्दाच्या पुढे ‘डिस्’ लागला की ओझे उतरते. बॅटरी उतरते, रुग्ण घरी जातो. पण जखमेतून पू किंवा पाणी येणे हाही डिस्चार्जच. परगावच्या इस्पितळात डॉक्टरांनी फोनवर ‘‘डिस्चार्ज आहे का?’’ असे विचारावे, आणि घरच्यांनी ‘‘हो, कालच मिळाला’’ असे आनंदाने सांगावे, यात हसण्यासारखे फार नाही. जखमेचे नाव घेऊन ‘पाणी येते का’ असे विचारले तर हा घोटाळा होणार नाही.

कोर्टातही तसेच. ‘चार्जशीट’ झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे समजून जुळत आलेली सोयरीक मोडणारे लोक आहेत. आरोपपत्र हा पोलिसांनी तपासाअंती कोर्टाला दिलेला अहवाल असतो. त्यानंतर आरोप निश्चित करायचे की नाही, हे कोर्ट ठरवते. पुरेसा आधार नसेल तर खटला चालण्याआधीच आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो, म्हणजे दोषमुक्त होतो. खटला चालून सुटतो तो निर्दोष मुक्त. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, तरी बोलताना आपण दोन्हींना ‘सुटला’ म्हणून मोकळे होतो.

आता फ्लॅटच्या कागदांकडे. मालमत्तेवरच्या ‘चार्ज’ची व्याख्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, शंभराव्या कलमात आहे. एकाची मालमत्ता दुसऱ्याच्या येण्यासाठी तारण ठरते, पण तो व्यवहार गहाणाच्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा तो चार्ज. करारनाम्यात गहाण आणि चार्ज हे शब्द पुष्कळदा जोडीने येतात. मालमत्तेवर कर्ज बसले आहे, एवढे घेणाऱ्याने त्यातून समजावे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाला थोडा आधार दिला आहे: विक्रीचा करार झाल्यावर बिल्डरने त्या सदनिकेवर नवे गहाण किंवा चार्ज बसवू नये, आणि बसवलाच तरी ग्राहकाच्या हक्काला त्याची बाधा येत नाही. पण कराराच्या आधीपासून असलेले ओझे? ते आधीच बघायला हवे.

ते बघण्याचा कागद कर्नाटकात उपनिबंधकाच्या कार्यालयाकडून मिळतो. सगळे त्याला ‘ईसी’ म्हणतात. मुलाने तो आणला. वरचे कन्नड सासऱ्यांना वाचता येईना, म्हणून त्यांनी शेजारच्या बाकावरच्या माणसाला नाव विचारले. तो म्हणाला, ‘‘ऋणभार प्रमाणपत्र.’’

सासरे थबकले. आनेकल या नावाचा अर्थ त्यांना दोनच दिवसांपूर्वी कोणीतरी सांगितला होता. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती, ‘कल्लु’ म्हणजे दगड, पण ‘आनेकल्लु’ म्हणजे आभाळातून पडणारी गार. गावाचे नाव त्यावरूनच पडले म्हणतात. तो शब्द सुटा करून कळत नव्हता. हा मात्र ऐकताक्षणी कळला. ऋण आणि भार.

‘‘अगं, हा तर बोजा!’’ ते सुनेला म्हणाले. ‘‘सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो तो. फेडल्याशिवाय उतरत नाही.’’

सुनेने करारनामा पुन्हा उघडला. चार्ज या शब्दाच्या जागी बोजा घालून तिने दोन्ही वाक्ये वाचली. आता ती एकमेकांशी जुळेनात. पहिल्या पानावर जागा बोजामुक्त करून देण्याचे वचन, दुसऱ्यावर बँकेचा बोजा. आणि तो कोण उतरवणार, कधी, याबद्दल अक्षर नाही. ईसीत नोंदणी झालेलेच व्यवहार दिसतात, हेही बाकावरच्या त्या माणसाने जाता जाता सांगितले. म्हणजे ती कोरी आली तरी मूळ कागद कोणाकडे आहेत ते विचारावे लागणार होते.

संध्याकाळी बिल्डरच्या कचेरीत बयाण्याचा चेक मुलाच्या खिशातच राहिला. ‘‘बुकिंगला काही चार्ज नाही, सर,’’ असे म्हणत कारकुनाने पेन पुढे केले. सासऱ्यांनी ते घेतले आणि करारनाम्याचे दुसरे पान उघडून त्या ओळीखाली रेघ ओढली.

‘‘हे उतरल्याचं बँकेचं पत्र आणा,’’ ते म्हणाले. ‘‘मग सही.’’