आहे तसा चेहरा

मे-जून लागला की फोटो स्टुडिओंत गर्दी वाढते. शाळा-कॉलेजचे प्रवेश, बँकेची कागदपत्रं, परीक्षांचे अर्ज आणि परदेशी निघालेली माणसं. प्रत्येकाची मागणी एकच असते, 'पासपोर्ट फोटो पाहिजे.' स्टुडिओवालाही सगळ्यांना एकाच स्टुलावर बसवतो, एकच लाइट लावतो आणि एकाच मापाचे फोटो कापून पाकिटात घालतो. शाळेच्या अर्जाला हा फोटो चालतो, कारण तो चिकटवल्यावर कुणी फारसा बघत नाही. खऱ्या पासपोर्टचा किंवा व्हिसाचा फोटो मात्र माणसाच्या आधी यंत्र बघतं, आणि ते बारकाईनं बघतं. हा फरक स्टुडिओच्या काउंटरवर कुणी समजावून सांगत नाही. म्हणून आज त्याविषयी लिहितो आहे.

आधी काय लागत नाही ते सांगतो. भारतातच पासपोर्ट काढणाऱ्या मोठ्या माणसाला फोटो न्यावा लागत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात, आणि २०१७पासून टपाल कार्यालयांत सुरू झालेल्या केंद्रांतही, फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात. तरी लोक खिशात फोटोंचं पाकीट घेऊन जातात आणि खरी तयारी राहून जाते. मागचा पडदा पांढरा असतो. पांढरा शर्ट घालून गेलं तर खांदे पडद्यात विरून जातात, म्हणून गडद रंगाचे कपडे घालावेत. केस कपाळावरून मागे घ्यावेत. घामानं चेहरा चमकत असेल तर आधी पुसून घ्यावा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, आणि त्या मिनिटभरात टिपलेला चेहरा तेवढी वर्षं सोबत राहतो.

व्हिसाची गोष्ट निराळी. तिथे फोटो आपल्यालाच द्यावा लागतो आणि प्रत्येक देशाचं माप वेगळं असतं. अमेरिकेला २ इंच बाय २ इंचांचा चौकोनी फोटो लागतो. त्यात हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर २५ ते ३५ मिलिमीटर हवं. शेंगेन व्हिसा देणाऱ्या युरोपीय देशांना ३५ बाय ४५ मिलिमीटर चालतो, चीनला ३३ बाय ४८. अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो आणि १ नोव्हेंबर २०१६पासून त्यात चष्मा चालत नाही. परदेशातल्या मराठी माणसांनाही आपला भारतीय पासपोर्ट नवा करताना हीच काळजी घ्यावी लागते. सप्टेंबर २०२५पासून परदेशातल्या भारतीय वकिलाती आंतरराष्ट्रीय मापदंडाचाच फोटो मागू लागल्या आहेत. पार्श्वभूमी पांढरी, चेहऱ्यानं व्यापलेला भाग ८० ते ८५ टक्के, आणि संगणकावर केलेला कोणताही बदल नको.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक देशांच्या पासपोर्टवर फोटो नसायचाच. चेहरा शब्दांत लिहीत. कपाळ, नाक, हनुवटी, केसांचा आणि कातडीचा रंग. १९१४ साली कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर एका खऱ्याखुऱ्या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये शिरला. पासपोर्टवर चेहराच नव्हता, मग तो दुसऱ्याचा आहे हे कळणार कसं? पुढे लोडी पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१४मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेनं आणि १९१५मध्ये ब्रिटननं पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. सुरुवातीला त्याला फारसे नियम नव्हते. टोपी घातलेले, बागेत बसलेले, घरच्या समूहचित्रातून कापलेले फोटोही चालून जात.

पुढे विमानप्रवास वाढला, खोटे पासपोर्टही वाढले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १९८०मध्ये यंत्राला वाचता येईल अशा पासपोर्टचे नियम पहिल्यांदा प्रसिद्ध केले. आज जगभरचे पासपोर्ट त्याच मालिकेतल्या नियमांवर बनतात. आपला पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. एप्रिल २०२४पासून नागपूरसह काही कार्यालयांत चाचणी म्हणून ई-पासपोर्ट सुरू झाला. त्याच्या चिपमध्ये हा फोटो साठवलेला असतो. विमानतळावरचं यंत्र तो फोटो समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्याशी ताडून बघतं. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, तोंडाची ठेवण यांवर त्याची सगळी भिस्त. हसलं की गाल वर जातात, डोळे बारीक होतात, ओठांची रेषा बदलते. म्हणून चेहरा शांत आणि तोंड मिटलेलं हवं. चष्म्याच्या काचेवर उजेड चमकला की डोळे झाकले जातात. नाकाची किंवा कानांची सावली पडली की यंत्राला कडा सापडत नाहीत. प्रत्येक नियमामागे असं एक कारण आहे आणि ती कारणं मला पटतात. आपल्या नावावर दुसरं कुणी प्रवास करू नये, आपला पासपोर्ट हरवला तर तो भलत्याच्या कामी येऊ नये, यासाठीच ही खटपट आहे.

अडचण नियमांत नाही. अडचण आपल्या सवयीत आहे, आणि ती सवय म्हणजे चेहरा गोरा करून देण्याची.

माझे मामा संगमनेरकडचे शेतकरी. मामेबहीण टेक्सासात असते. तिच्या बाळंतपणासाठी मामा-मामी निघाले तेव्हा व्हिसाच्या फोटोसाठी तालुक्याच्या एका स्टुडिओत गेले. मामांची टोपी उतरवली. जन्मभर टोपी घालून उन्हात काम केलेल्या माणसाचं कपाळ दोन रंगांचं असतं. टोपीखालचा पट्टा फिकट, खालचा चेहरा रापलेला. स्टुडिओतला मुलगा स्वभावानं चांगला होता. तो म्हणाला, "काका, रंग एकसारखा करून देतो. थोडं उजळपण करतो." त्यानं कपाळ सारखं केलं, गालांवरच्या सुरकुत्या पुसल्या, डोळ्यांखालचा काळेपणा काढला. मामी तो फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कोण पाव्हणा?"

मामेबहिणीनं फोनवर फोटो पाहिला आणि सरळ सांगितलं, "नाना, हा भरायचा नाही. चेहऱ्यात बदल केलेला फोटो चालत नाही, असं नियमातच लिहिलंय." मग मामांना दुसऱ्या, जुन्या फोटोग्राफरकडे नेलं. त्यानं स्टूल भिंतीपासून चार फूट पुढे ओढलं. एक दिवा मागच्या पडद्यावर टाकला, दोन दिवे मामांच्या दोन्ही बाजूंना लावले, पांढरा थर्माकोलचा तुकडा मांडीवर धरायला दिला. "मामा, हनुवटी अंमळ खाली. बास." फोटोत मामा होते. दुरंगी कपाळासकट, सुरकुत्यांसकट. जाता जाता तो म्हणाला, "उजेड नीट पडला की रंगाला हात लावावा लागत नाही."

या एका वाक्यात सगळं तंत्र आलं. कॅमेऱ्याला समोर पांढरा पडदा दिसला की दृश्यात उजेड फार आहे असं समजून तो उजेड कमी करतो. पडदा राखाडी होतो आणि सावळा चेहरा काळाठिक्कर. मग चेहऱ्याचे बारकावे दिसेनासे होतात आणि स्टुडिओवाला संगणकावर चेहरा उजळायला घेतो. म्हणजे दोष उजेडाच्या मांडणीत असतो आणि दुरुस्ती होते माणसाच्या कातडीची. चेहऱ्यावरून उजेड मोजला, पडद्याला वेगळा दिवा दिला, की गव्हाळ, सावळा, काळा असा प्रत्येक रंग आपल्या जागी स्वच्छ दिसतो. घरी मोबाइलवर काढायचा असेल तरी हेच करावं. खिडकीकडे तोंड करून बसावं, फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा वाढवावा. सेल्फी काढू नये. फार जवळून काढलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दुसऱ्यानं चार-पाच फुटांवरून काढावा. आणि मोबाइलमधली चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करावी.

हा प्रश्न आपल्याच स्टुडिओंचा आहे असंही नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचं चित्र असलेलं कार्ड पाठवत असे. 'शर्ली कार्ड' म्हणून ते ओळखलं जाई. तिचा रंग बरोबर आला की फोटो बरोबर, असा हिशेब. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्यात हरवून जात. यंत्रांच्या नव्या पिढीतही हा दोष उतरला. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत एकाही प्रणालीची चूक एक टक्क्यापर्यंत गेली नाही. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत पोचली. त्याआधी, २०१६मध्ये, न्यूझीलंडमध्ये आशियाई वंशाच्या एका तरुणाचा पासपोर्टचा फोटो संगणकानं 'डोळे मिटलेले आहेत' म्हणून नाकारला होता. त्याचे डोळे उघडेच होते. यंत्राला आपले चेहरे नीट वाचता यावेत ही जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यांची आहे. आपल्या माणसांनी गोरं होऊन ती भरून काढायची नाही.

दुसरा मुद्दा वागण्या-बोलण्याचा. फोटोत डोकं उघडं हवं. धार्मिक कारणासाठी डोकं झाकायची मुभा आहे, पण तेव्हाही हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. नियम बरोबर आहे. पण ज्या आजीनं लग्न झाल्यापासून परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर खाली घेतलेला नाही, तिला "पदर काढा, लवकर" असं दरडावून सांगणं बरोबर नाही. ज्या आजोबांना टोपीशिवाय घराबाहेर पडायची सवय नाही, त्यांच्या डोक्यावरची टोपी कुणी परस्पर उचलू नये. "आजी, कपाळ दिसायला हवं, म्हणून पदर थोडा मागे घ्याल का? फोटो झाला की लगेच घ्या वर," एवढं सांगायला किती वेळ लागतो? सोबत गेलेल्या मुला-सुनेनं घरूनच ही कल्पना दिली तर आणखी चांगलं. स्टुडिओवाले, केंद्रातले कर्मचारी आणि घरचे, तिघांनाही हे जमण्यासारखं आहे.

लहान मुलांचं मात्र जिकिरीचं काम असतं. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो पासपोर्टच्या अर्जासोबत न्यावा लागतो. ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. तान्ह्या बाळाला स्टुलावर बसवता येत नाही. अंथरुणावर स्वच्छ पांढरी चादर पसरून त्यावर बाळाला उताणं ठेवावं आणि खिडकीच्या उजेडात वरून फोटो काढावा. आपली सावली बाळावर पडू देऊ नये. आधारासाठी धरलेला हात, दुपटं, खुळखुळा काही फोटोत येता कामा नये. आणि गालावरची तीट व डोळ्यांतलं काजळ आधी पुसून घ्यावं. आजीला ते आवडणार नाही, पण फोटोत ती तीट जन्मखूण वाटू शकते. फोटो झाला की पुन्हा लावता येते. बाळ झोपून उठलेलं, पोट भरलेलं असेल ती वेळ धरावी. रडत्या बाळाला दटावून फोटो मिळत नाही.

माझी मागणी साधी आहे. पासपोर्ट फोटोची पाटी लावणाऱ्या प्रत्येक स्टुडिओनं वेगवेगळ्या देशांची मापं आणि नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. मागच्या पडद्यासाठी एक वेगळा दिवा घ्यावा. तो खर्च फार मोठा नाही. गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नये, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोत तर मागितलं तरी लावू नये. आपणही फोटो काढायला बसण्याआधी कोणत्या देशासाठी, कोणत्या कामासाठी हवा ते सांगावं आणि निघताना मापपट्टी लावून बघावी.

आणि फोटो काढणाऱ्याला एक वाक्य आवर्जून सांगा: "दादा, उजेड नीट लावा, चेहरा आहे तसाच राहू द्या." तुमच्या आईचा, वडिलांचा, बाळाचा चेहरा सीमेवरच्या अनोळखी माणसाला ओळखता यायचा असेल, तर आधी तो घरच्यांना ओळखू आला पाहिजे.