प्रेस घ्या, पण बोटं सांभाळून!

'फोर्ज्ड इन फायर' हा कार्यक्रम २०१५ साली टीव्हीवर आला आणि मेकॅनिकलवाल्यांचे हात शिवशिवू लागले. घरच्या शेडमध्ये भट्टी पेटवायची, ट्रकच्या जुन्या कमान पाट्याची सुरी करायची, असे बेत मेसच्या ताटावर ठरतात. इथपर्यंत ठीक. पण गाडी 'प्रेस कोणती घ्यायची?' इथे आली की कोणीतरी हमखास म्हणतो, "अरे, गंगापूर रोडवर राहतोस, सातपूर एमआयडीसी शेजारीच! जुनी पॉवर प्रेस भंगाराच्या भावात मिळेल."

मित्रांनो, माझा विरोध आहे तो ह्या वाक्याला.

पॉवर प्रेस म्हणजे फ्लायव्हील, क्लच आणि क्रँक. जुन्या मशिनांना बहुधा की-क्लच असतो. पेडल दाबलं की रॅम पूर्ण फेरी मारणारच, अधेमधे थांबणार नाही. आता सांडशीतला लालभडक तुकडा डायवर घसरला आणि हात पुढे गेला, तर? शिवाय हिची पूर्ण ताकद मिळते ती स्ट्रोकच्या तळाशी, शेवटच्या काही मिलिमीटरांत. त्याच्या वरच जाड लोखंड सापडलं तर मशीन अडकतं, नाहीतर फ्रेमला तडा जातो. ही प्रेस पत्र्याच्या कामाची आहे, गरम लोखंडाची नाही. कारखान्यांत प्रेसवर बोटं गमावलेले कामगार कमी नाहीत. हौसेपायी त्यांत आपली भर नको.

मग किती टनाची हायड्रॉलिक? हिशोब सोपा आहे. १००० अंशांच्या आसपास तापलेल्या स्टीलला चौरस मिलिमीटरला साधारण १० किलो जोर लागतो. डायचा स्पर्श ४० बाय २५ मिमी धरला तर १० टन, घर्षणासकट १५. म्हणजे २० टन पुष्कळ झाले. १२५ मिमी बोअरचा सिलिंडर १६० बारला तेवढे देतो.

खरी मेख आहे वेगात. थंड डायला टेकलेलं पातळ पातं बघता बघता काळं पडतं. ह्याच सिलिंडरला मिनिटाला २० लिटर तेल दिलं तर रॅम सेकंदाला २७ मिमी सरकतो, पण पूर्ण दाबाला त्यासाठी ७-८ हॉर्सपॉवरची मोटर, म्हणजे थ्री फेज हवी. ३ हॉर्सपॉवरच्या सिंगल फेज मोटरवर जेमतेम ९-१० मिमी! म्हणून टू-स्टेज पंप बघा. तो मोकळ्या रॅमला भरभर खाली आणतो आणि भार आल्यावर हळू दाबतो. हातपंपाच्या जॅकवर प्रेस करणाऱ्यांनी मात्र दर दाबाला भट्टीकडे पळायची तयारी ठेवावी. एका हातात सांडशी असल्यामुळे दोन हातांनी दाबायची बटणं इथे चालत नाहीत. तेव्हा पाय काढताच थांबणारं पेडल हवंच. होज भट्टीपासून लांब आणि पत्र्याच्या आवरणात ठेवा. गरम तेलाचा फवारा आणि भट्टी ही जोडी बरी नव्हे.

एवढं करूनही माझं मत विचाराल तर पहिली प्रेस हातानं फिरवायची बॉल प्रेस असावी. वीज नको, शेजाऱ्यांची तक्रार नको. जमिनीला बोल्टने पक्की करा, की पातं सरळ करणं, खाच पाडणं, बारीक घडाई, सगळं होतं. किती जोर लावतोय हे हाताला कळतं, हा सगळ्यात मोठा फायदा.

आणि ती घेण्याआधी रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाडी कुटुंबाकडून एक विळा घडवून घ्या, पूर्ण पैसे देऊन. पुरुष सांडशीत लोखंड फिरवतो, बाई घण घालते. कुठल्या रंगाला घाव घालायचा आणि कुठल्या रंगाला थांबायचं, हे तिथे दिसतं. तेवढं कळलं नाही तर २० टनांची प्रेस तडे गेलेली पातीच भराभर काढणार!

बनवायचं काय, तेही आधी ठरवा. घरकामाची किंवा शेतीची हत्यारं सोडून ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्र कायद्याच्या नियमांत शस्त्र धरल्या जातात. आपल्या नाशकात कांदा कापणीचे विळे आणि कलमाचे चाकू यांना गिऱ्हाईक आहे, ते काय थोडं आहे?

सरांना एकच विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टला एक छोटी, सुरक्षित फोर्जिंग प्रेस होऊ द्या. व्हायव्हात क्लचचे प्रकार घडाघडा सांगणाऱ्या आम्हा पोरांना त्यातला कुठला क्लच बोटं खातो, हेही कळायला हवं.