लहान झालेला एक्स-रे

पुणे-सातारा महामार्गावर शिरवळच्या आसपास अपघात झाला, तर जखमीच्या आधी त्याचा एक्स-रे पुण्याला पोहोचू शकतो. खिडकीच्या काचेवर फिल्म धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर हाडांच्या डॉक्टरांना पाठवायचा. सोय मोठी आहे. मात्र वाटेत फोटो लहान होतो, याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

लहान करण्याचे गणित मूळ बंगळुरूचे नसीर अहमद आणि त्यांचे दोन सहकारी, टी. नटराजन व के. आर. राव, यांनी 1974 मध्ये मांडले. 1992 च्या जेपेग प्रमाणकाचा तोच पाया. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार टाकून द्यायचे. लग्नाच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. हाडातली केसाएवढी चीर हा मात्र तसलाच बारीक चढउतार असतो. शिवाय डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाइलमध्ये साधारणपणे राखाडी रंगाच्या 4096 छटा असतात, नेहमीच्या जेपेगमध्ये 256. गेलेले तपशील फोटो मोठा करून परत येत नाहीत.

म्हणून लहान फोटो पाठवूच नये, असे नाही. रेंज कमी असताना जखमीला हलवायचे की नाही, एवढे ठरवायला तो पुरू शकतो. 2022 मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा जनावराच्या अंगावरच्या गाठी साध्या फोटोतही दिसत होत्या. पण लंगडणाऱ्या बैलाचा एक्स-रे शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचा असेल, तर फोटोचा फोटो कामाचा नाही. ‘फ्रॅक्चर नाही’ हा निष्कर्ष तर अशा फोटोवरून काढूच नये.

एक्स-रे केंद्रांनी फिल्मसोबत मूळ डायकॉम फाइल न मागता द्यायला हवी. ती रुग्णाच्याच शरीराची नोंद आहे. जागेची अडचण हे कारण पटणारे नाही. काहीही न गमावता फाइल साधारण निम्मी किंवा त्याहून लहान करण्याच्या पद्धती डायकॉममध्येच आहेत. तोवर नातेवाइकांच्या हातात एवढे आहे: केंद्रातून फाइल मागून घ्यावी आणि व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती आहे तशी जाते. फाइल मिळालीच नाही, तर डॉक्टरांकडे जाताना फिल्म सोबत न्यावी.