पडदा कोरा, पण पाढा तयार!



संगणकावर काही दिसलं नाही की आपण लगेच म्हणतो, "बंद पडला." माझ्या वर्गातही तेच झालं.

घरच्या विंडोज लॅपटॉपवर मी सी भाषेत दोनच्या पाढ्याचा छोटा प्रोग्राम लिहिला. एकाच ओळीत दर सेकंदाला एक आकडा: २, ४, ६... आकडा दिसायच्या आत मुलांनी तो ओरडून सांगायचा, असा खेळ. घरी छान चालला. तलासरीकडच्या आमच्या शाळेतल्या संगणकावर लिनक्स आहे. तिथे थांबण्याची आज्ञा वेगळी, तेवढी बदलली आणि प्रोग्राम चालवला. दहा सेकंद पडदा कोरा! मग २ ते २० एकदम हजर. "बाई, यानं सगळं सांगूनच टाकलं!" खेळ संपला.

संगणक बिघडला नव्हता. प्रोग्रामने छापलेला मजकूर आधी बफर नावाच्या तात्पुरत्या जागेत साठतो. डहाणू स्टेशनबाहेरची शेअर जीप भरल्याशिवाय सुटते का? तसंच हे. पडद्यावर छापताना लिनक्स ओळ पूर्ण झाली की गाडी सोडतं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टची सी लायब्ररी एकेका प्रवाशालाही लगेच सोडते. मजकूर फाइलमध्ये पाठवला, तर दोन्हीकडे जीप भरेपर्यंत थांबायचं. प्रोग्राम मध्येच कोसळला, तर गाडीत बसलेले आकडे गेलेच! सी भाषेच्या नियमांत पडद्यासाठीच्या दोन्ही पद्धती बसतात. चूक माझ्या गृहीत धरण्याची होती.

उपाय एका ओळीचा. प्रत्येक आकडा छापल्यावर 'एफफ्लश' ही आज्ञा द्यायची, म्हणजे "भरली नसली तरी सोड." पायथनमध्ये प्रिंटच्या कंसातच 'फ्लश' चालू करता येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: "माझ्याकडे चालला" एवढ्यावर प्रोग्रामला बरोबरची खूण देऊ नका. दुसऱ्या प्रकारच्या संगणकावरही चालवून बघा. बफर ही गोष्ट मुलांना पहिल्याच आठवड्यात, जीपचं उदाहरण देऊन सांगा. नाहीतर बरोबर प्रोग्राम लिहिलेलं मूल कोरा पडदा बघून "मला जमत नाही" म्हणत उठून जातं.

आणि पालकांनो, घरी वारली बोलणारं मूल वर्गात प्रमाण मराठीत विचारल्यावर गप्प बसलं, तर त्यालाही "येत नाही" म्हणू नका. उत्तर आत तयार असतं. थोडं थांबा, त्याच्या बोलीत विचारा. गाडी सुटेल.