बळदातली दोन लेकरे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी ग्रंथालयात ॲन फ्रँकची रोजनिशी हाती लागली. जर्मनीने हॉलंड व्यापले होते, त्या काळातली ही ज्यू मुलगी. जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत ती ॲमस्टरडॅममध्ये वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात दडून राहिली. आठ माणसे. दिवसा खाली कामगार असत, म्हणून पायसुद्धा वाजू द्यायचा नाही. शेवटी सारे पकडले गेले आणि १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत पंधरा वर्षांची ॲन मरण पावली.

आजीला अक्षरओळख नाही. रात्री मी तिला त्यातले वाचून सांगत असे. एकदा ऐकता ऐकता ती म्हणाली, "मी पण बळदात बसले होते की."

बळद म्हणजे जुन्या माळवदाच्या घरातली धान्य साठवण्याची अंधारी जागा. १९४८ साली आपले हदगाव निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या भीतीने कित्येक कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. ज्यांना जाता आले नाही, ती घरातच लपली. आजी तेव्हा दहा वर्षांची होती.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात मी हीच हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळाले. घरी येऊन आजीला दाखवले, तर तिने एवढेच विचारले, "आणि त्या दुसऱ्या लेकराचं सांगितलंस का?"

नव्हते सांगितले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले, १७ ला निजाम शरण आला. त्यानंतर गावोगाव सूड सुरू झाला. त्या दिवसांत शेजारच्या पिंजाऱ्याचा सहा वर्षांचा मुलगा माझ्या पणजीने चार रात्री त्याच बळदात ठेवला. आजी त्याला भाकरी नेऊन देई. पाचव्या दिवशी त्याचा मामा त्याला घेऊन गेला. ही गोष्टही मला ठाऊक होती. ती सांगितली तर टाळ्या थांबतील, असे वाटले म्हणून मी गाळली.

मित्रहो, ही एका घराची गोष्ट नाही. त्याच वर्षाअखेर केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला नांदेडही आहे. हा अहवाल कित्येक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही. पण त्याच अहवालात असेही नोंदले आहे की, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन. ही अभिमानाची गोष्टसुद्धा आपण दडवून ठेवली आहे.

काही जण म्हणतील, रझाकारांनी आधी अत्याचार केले, त्याची ती प्रतिक्रिया होती. अत्याचार झाले, हे माझ्या आजीइतके कोण जाणते? पण सहा वर्षांच्या मुलाने कोणती क्रिया केली होती? कोणी म्हणेल, जुनी मढी कशाला उकरता? मग रझाकारांची आठवण तरी दरवर्षी आपण का काढतो? काढायची तर पूर्ण काढावी.

युरोपातल्या संहाराशी मी याची बरोबरी करीत नाही. तिथे सरकारने कायदे करून, याद्या करून माणसे मारली. एकट्या हॉलंडमधले एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले. परंतु अंधारात श्वास रोखून बसलेल्या मुलाला हा फरक कळत नाही. त्याला फक्त बाहेरची पावले ऐकू येतात, आणि आपल्याला आत घेणारे माणूस कोण हे कळते. ॲनला दोन वर्षे जगवणारी माणसे त्याच कचेरीतली साधी नोकरदार होती. मीप खीस ही त्यांतली एक. तिने ॲनची वही जपली, म्हणून ती मुलगी जगाला माहीत झाली.

आमच्या पणजीची वही नाही. आजी आता थकली आहे. तुमच्याही घरी अशी माणसे असतील. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून काढा. येत्या १७ सप्टेंबरला मला पुन्हा बोलू दिले, तर मी दोन्ही लेकरांची गोष्ट सांगणार आहे. बक्षीस नाही मिळाले तरी चालेल.