हिरड्यांतून रक्त येते तेव्हा



गेल्या महिन्यात बिलोलीत आमच्या घरी खालाजान मुक्कामाला होत्या. फजरच्या वुजूत चूळ भरली की पाणी लाल. विचारले तर म्हणाल्या, "रक्त येतं म्हणून घासणंच सोडलं, बेटा. मिशेरी लावते, ठणका थांबतो." त्या करत होत्या त्या दोन्ही गोष्टी उलट्या होत्या.

दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर साचतो. तो तसाच राहिला की घट्ट कीटण बनते, हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागते. म्हणून रक्त आले तरी घासणे सोडू नये. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, सकाळी आणि झोपण्यापूर्वी घासावे. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दुखणे दाबते, आजार वाढवते आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच.

घरी काय करावे? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा गुळण्या कराव्यात. पाणी गिळू नये. रोजे असतील तर इफ्तारनंतर कराव्यात. लवंगेचे तेल हिरडीला थेट लावू नये, कातडी भाजते.

मिस्वाक तर आपल्या नबी (स.) यांची आवडती सुन्नत. पीलूची काडी नसेल तर कडुनिंबाची कोवळी काडी चालते. टोक चावून मऊ करावे, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावे, आडवे रगडू नये. वापरलेले टोक कापून टाकावे.

आठवडाभरात आराम नसेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. साचलेले कीटण ब्रशने निघत नाही, तेच काढतात. पू, हलणारा दात, ताप किंवा गालावर सूज असेल तर त्याच दिवशी जावे. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. तेव्हाही दाखवायला संकोच नको.

आणखी एक. वारंवार हिरड्या सुजत असतील तर साखर तपासावी. मधुमेहात हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. खालाजानची तपासली, वाढलेली निघाली. तीन वर्षांत कुणी पाहिलीच नव्हती, आम्हीसुद्धा नाही.

आता गोळ्या सुरू आहेत, दात साफ करून घेतले, पाणी लाल होत नाही. मिशेरीची डबी मात्र अजून उशाखाली आहे. ती सुटावी म्हणून आम्ही रोज दुआ करतो, आणि रोज टोकतोही. तुमच्या घरातल्या आजीला, सासूबाईंना आज एकदा विचारा: चूळ भरताना रक्त येतं का?