घरी बांधलेल्या ध्वनिवर्धकाची परीक्षा

ज्या वस्तूची किंमत थोडी आणि आकार मुठीएवढा, तिच्याविषयीचे लोकमत बहुधा परीक्षेवाचूनच कायम झालेले असते, आणि घरी बांधलेल्या डी क्लास ॲम्प्लिफायरच्या वाट्याला आमच्या शेवगावात नेमके हेच आले आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, जड ट्रान्सफॉर्मर आणि ‘३०५५’ ट्रान्झिस्टरांची जोडी गेली त्याच दिवशी आवाजातला गोडवाही गेला; दुसऱ्या पक्षाला बोर्डाच्या जाहिरातीत छापलेल्या वॉटच्या आकड्यापलीकडे काही पाहण्याची गरजच भासत नाही. माझ्या मते हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे भागीदार आहेत. कारण आवाज निर्मळ निघेल की फाटेल, याचा निवाडा आयसीच्या नावावरून होत नसून, तो बांधणाऱ्याच्या हातावर आणि ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतो.

ही युक्ती समजण्यास मुळा कालव्याच्या पाटावर बारे धरणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला फारसे सायास पडू नयेत. जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर हा अर्धवट उघडलेल्या दारासारखा असतो: आवाजाच्या चढउताराप्रमाणे तो कमीअधिक उघडतो, आणि अडवलेल्या विजेची त्याच्या अंगातच उष्णता होते, बी वर्गाच्या रचनेत सैद्धांतिक कार्यक्षमतेची कमाल मर्यादाच ७८.५ टक्के असून नेहमीच्या मध्यम आवाजात ती पुष्कळच खाली येते. डी क्लासमध्ये दार एक तर पूर्ण उघडे, नाही तर पूर्ण बंद. मात्र ते सेकंदाला लाखो वेळा उघडते व मिटते, आणि किती क्षण उघडे राहायचे एवढेच काय ते मूळ ध्वनीच्या हुकुमाने ठरते. पुढे कॉइल आणि कंडेन्सर यांची जोडी, हौदाने पाण्याचे हिंदकळणे शांत करावे तसे, या तुटक प्रवाहाचे अखंड स्वरात रूपांतर करते. घरगुती कारागिरांत रूढ झालेली टीपीए ३११६ ही आयसी सेकंदाला ४ लाख किंवा त्याहून अधिक वेळा उघडझाप करते, आणि मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारे २० हजार कंपनांची. तेव्हा ती उघडझाप स्वतः ऐकू येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे, वीज गेलेल्या रात्री भजनाला किंवा पैठणहून पंढरीला निघालेल्या दिंडीला १२ व्होल्टची एक बॅटरी पुष्कळ वेळ पुरते, ही बाब आमच्यासारख्या तालुक्यात क्षुल्लक खचित नव्हे.

डी या अक्षराचा डिजिटलशी काही संबंध नाही. ए, बी, सी ही नावे आधीच दिली गेल्यामुळे पुढचे अक्षर या पद्धतीच्या वाट्याला आले, इतकेच. तिच्याविषयीच्या दुर्लौकिकाचे मूळ मात्र खरोखरच घरगुती बांधणीत आहे. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली एक्स-१० नावाचा संच हौशी लोकांनी घरी जोडावा म्हणून विकावयास काढला. परंतु त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करण्यास असमर्थ असल्यामुळे जाहिरातीतले १० वॉट ग्राहकाच्या हाती कधी आलेच नाहीत. पुढे नॅनोसेकंदांत उघडमीट करणारे मॉसफेट आले आणि मूळ दोष दूर झाला. जाहिरातीतल्या वॉटवर विश्वास ठेवण्याची खोड मात्र जशीच्या तशी राहिली.

हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराने एकदा करून पाहावा. १२ व्होल्टवर चालणाऱ्या ब्रिज जोडणीच्या बोर्डाला ४ ओहमचा स्पीकर लावला, तर आवाज फाटण्यापूर्वी फार तर १८ वॉट मिळू शकतात. कोणतीही आयसी हा नियम मोडू शकत नाही. टीपीए ३११६ च्या दस्तऐवजात दर चॅनेलला ५० वॉट लिहिलेले आहेत खरे, परंतु ते २१ व्होल्टवर, आणि तेही १० टक्के विकृती पत्करून. बॅटरीवर त्याच ५० वॉटची अपेक्षा धरून बटण शेवटपर्यंत फिरवायचे, आवाज फाटला की डी क्लासच्या नावाने खडे फोडायचे, हा न्याय नव्हे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने बांधलेली पहिली पेटी मी ऐकली तेव्हा तिच्यात हे सारे दोष होते: मृदंगाच्या डाव्या अंगाचा घुमारा मध्येच चेपला जाई, झांज बोचे, आणि कीर्तन थांबले की ‘घूं’ असा अखंड ध्वनी मागे उरे. त्याने आयसी बदलली नाही. हलका एसएमपीएस काढून पुरेशा ताकदीचा बसवला आणि त्याच्या तारा आखूड करून बोर्डाशेजारीच मोठा कंडेन्सर डाखला. मोठ्या प्रवाहाला ज्यांचा गाभा संपृक्त होत असे त्या इवल्या कॉइल काढून जाड तारेच्या घेतल्या. अर्थिंगच्या साऱ्या तारा एकाच बिंदूवर आणल्या. आणि कॉइल-कंडेन्सरची मापे ज्या ओहमच्या स्पीकरसाठी काढलेली होती तोच स्पीकर जोडला, कारण हा मेळ चुकला की वरच्या पट्टीतले स्वर थोडे उचलले तरी जातात किंवा दबतात. त्यानंतर त्याच पेटीतून कीर्तनकारांचा ‘स’ आणि ‘श’ मंडपाच्या शेवटच्या रांगेत निरनिराळे ऐकू आले. सुधारणा कोठे झाली, हे सांगण्यास आणखी दाखल्याची आवश्यकता नाही.

आता लोकांकडे वळतो. शक्ती दुप्पट केल्याने आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते, आणि कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे ५० ऐवजी १०० वॉट घेऊन शेजारच्या मंडळावर मात करण्याच्या ईर्षेत पैसा जातो आणि पदरात फारसे काही पडत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. स्वस्त झालेल्या शक्तीने ती मर्यादा ओलांडणे सोपे केले, म्हणून या तंत्राचा सन्मान राखण्याची जबाबदारी ते वापरणाऱ्यांवर अधिकच येते. ज्या सामग्रीने एकनाथ-ज्ञानोबांचा शब्द स्वच्छ पोहोचवता येतो, तिने खिडक्यांची तावदाने हादरवण्यात कसले भूषण?

तेव्हा माझी सूचना इतकीच की, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि शाळांच्या प्रयोगशाळांतून मुलांना हे बोर्ड जोडण्याबरोबरच मोजावयासही शिकवावे, आणि प्रत्येकाने आपल्या पेटीवर किती व्होल्टवर, किती ओहमला, किती विकृतीपर्यंत किती वॉट मिळतात, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. दोन पेट्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज आधी समान करून घ्यावा, कारण जी किंचित मोठी वाजते तीच चांगली, असा भ्रम कानाला हटकून होतो. आणि मंडळांनी सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या जाणत्या माणसास शेवटच्या रांगेत बसवून व्यासपीठावरून हळू आवाजात चार वाक्ये बोलावीत. तेथे प्रत्येक शब्दाचा शेवट ऐकू आला, तर ती पेटी कोणी, कोठे आणि किती पैशांत बांधली, हे विचारण्याचे कारण उरत नाही.